अकोल्यात आजकाल कोणी मरत नाही

९ नोव्हेंबर

हृदयाचं ऑपरेशन होऊन बाबा दवाखान्यातून घरी आले आणि पलंगावर बसल्याबसल्या कारभार हातात घेतला. छातीवर टाके आहेत, पण तोंडाला एकही टाका नाही. शेवंती आली का, कालचे हार ओल्या फडक्यात ठेवले का, सगळं विचारून झालं. अमरावतीच्या राजकमल चौकातलं आमचं फुलांचं दुकान त्यांच्याशिवाय चालू शकतं हे त्यांना पटत नाही. वर्षाली, म्हणजे माझी बायको, ते उत्तम चालवते आहे. पण हे त्यांच्यासमोर बोलायची हिंमत मी केली नाही.

डॉक्टरांनी मोबाइल, पाहुणे आणि दगदग तिन्ही बंद केली आहेत. 'कोणताही धक्का नको,' असं त्यांनी मला बाजूला घेऊन दोनदा सांगितलं. मोबाइल काढून घेतला तर बाबांनी बैठकीतल्या माझ्या जुन्या कॉम्प्युटरचा ताबा घेतला. मी कॉम्प्युटर क्लास चालवतो, त्यामुळे घरात जुनी मशीन पडूनच असतात. आधी अमरावतीच्या बातम्यांचं पान उघडायचं, मग अकोल्याचं. दोन्हीकडे राजकारण-बिजकारण सोडून थेट निधन वार्ता.

नवख्या माणसाला हे विचित्र वाटेल, पण हा आमचा धंदा आहे. कोण गेलं, घर कुठलं, कधी नेणार, हे सकाळी वाचायचं आणि त्यांची माणसं दुकानात यायच्या आत हार तयार ठेवायचे. "दुखात असलेल्या माणसाले उभं ठेवू नये," असं बाबा म्हणतात. अकोल्याचं पान मात्र धंद्यासाठी नाही. बाबा मूळचे तिथलेच. त्यांचे धाकटे भाऊ, माझे उत्तमकाका, अजून तिथेच डाबकी रोडच्या मळ्यात फुलं लावतात.

काकांचा रोज चहाच्या वेळी आईच्या मोबाइलवर फोन येतो. तेवढी एक सूट डॉक्टरांना न विचारता दिलेली आहे. बोलणं ऐकण्यासारखं असतं. "काय करून राहिला?" "बसलो हावो. तू?" "मी बी." मग दोघं गप्प, मग "ठेवू का?" एवढ्यासाठी फोन कशाला लागतो, हे मला आजवर समजलेलं नाही.

१८ नोव्हेंबर

उत्तमकाका गेले.

सकाळी मळ्यात झेंडू तोडताना खाली बसले ते उठलेच नाहीत. गोपालचा, म्हणजे काकांच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी क्लासमध्ये होतो. मला आधी काही समजेना. दवाखाना, ऑपरेशन, भूल, हे सगळं बाबांचं चाललेलं. काकांना कधी साधी सर्दी झालेली आठवत नाही.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, सख्खा भाऊ असेल तर आता अजिबात सांगू नका, पुढच्या तपासणीनंतर बघू. त्याआधी काही झालं तर माझ्याकडे येऊ नका. आई स्वयंपाकघरात नळ सोडून रडली. मी बाबांना सांगितलं की अकोल्याच्या सेंटरवर परीक्षेचं काम निघालंय, आणि निघालो. ते म्हणाले, "उत्तमकडं चक्कर मारजो. पालक घेऊन येजो." मी बरं म्हटलं.

अकोल्यात काकूंसमोर उभं राहवेना. मला वाटलं होतं त्या बाबांचं विचारतील, का नाही आणलं म्हणून रागावतील. त्यांनीच माझा हात धरला. "जीवन, बाबाले सांगू नको बापा. एक गेला. दुसऱ्याले सांगून मारतं का?" काकांना नेताना पुढच्या खांद्याची बाबांची जागा गोपालने थोडा वेळ मोकळी ठेवली, मग मी तिथे गेलो.

येताना पालक घ्यायचं विसरलो. बडनेऱ्याला उतरून घेतलं.

१९ नोव्हेंबर

आज बाबा उठायच्या आत कॉम्प्युटरवर बसलो. अकोल्याच्या पानावर काकांचं नाव आलेलं होतं, फोटोसकट. हा फोटो मीच गोपालच्या लग्नात काढलेला.

कॉम्प्युटर बिघडला म्हणून सांगणं सोपं होतं, पण मग त्यांनी आईचा मोबाइल मागितला असता. दुकानात येणारा छापील पेपर वर्षाली घरी आणणार नाही, तेवढा बंदोबस्त झाला होता. राहिला प्रश्न ब्राउझरचा. बाबा वापरतात त्यात मला हवी तशी सोय नव्हती. म्हणून तो काढून टाकला आणि दुसरा बसवला, ज्याच्या चिन्हावर कोल्हा आहे. त्यात एक जोड टाकता येते. पानावरचा जो तुकडा नको असेल त्यावर खूण करायची, की तो तुकडा त्या मशीनवर पुन्हा दिसत नाही. लोक हे जाहिराती घालवायला वापरतात. मी अकोल्याच्या निधन वार्तांचा रकाना घालवला. खालच्या बातम्या अशा वर सरकल्या की तिथे काही होतं हे मलासुद्धा ओळखू आलं नसतं. अमरावतीचा रकाना मुद्दाम तसाच ठेवला. दोन्ही काढले असते तर लगेच संशय आला असता. वर्गात मी पोरांना सांगतो की मशीनला नीट समजावलं की ते ऐकतं. माणसांचं तसं नसतं.

बाबांनी कोल्हा बघून तोंड वाकडं केलं.

"पह्यलेचं काहून काढलं?"

"जुन्या मशीनवर नीट चालत नव्हतं ते."

"माह्यासाठी तं चालून राहिलं होतं."

"हे जास्त सुरक्षित आहे बाबा."

"कोल्हा राखणीले बसवला म्हणतं." मग हसले, आणि हसताना टाके दुखले म्हणून छाती धरली. मी अक्षरं मोठी करून दिली होती. ती त्यांना आवडली.

२० नोव्हेंबर

चहाच्या वेळी बाबा आईच्या मोबाइलकडे बघत बसले. आई म्हणाली, "उत्तमभाऊजींचा फोन विहिरीत पडला म्हणे." बरं सुचलं तिला.

"अन् गोपालचा?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी मध्येच म्हणालो की तिकडे दोन दिवस रेंज नाही, टॉवरचं काम चालू आहे. बाबांनी मान हलवली आणि कॉम्प्युटरकडे गेले. बराच वेळ बसले. मी शेजारी क्लासच्या उत्तरपत्रिका तपासत होतो, म्हणजे तपासल्यासारखं करत होतो.

"जीवन, अकोल्यात आजकाल कोणी मरून नाही राहिलं का रे?"

मी आवाज नेहमीचा ठेवून म्हणालो, "चांगलंच आहे की. हवा चांगली असेल तिकडची."

"थंडी पडली की लय जाते म्हातारे लोक. चाळीस वर्षं झाली पाहून राहिलो मी."

"पान नवीन केलंय त्यांनी. रकाना काढून टाकला असेल."

बाबांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हा कोल्हा तूच बसवला ना?"

"हो."

"बरं," म्हणाले, आणि कॉम्प्युटर बंद न करताच उठून पलंगावर जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. रात्रीचं जेवण नको म्हणाले. ऑपरेशननंतर अशी मरगळ येते, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं आहे. एकंदर प्रसंग निभावला. रकान्याचं उत्तर मला वेळेवर सुचलं याचं माझं मलाच कौतुक वाटलं.

२३ नोव्हेंबर

त्या दिवसानंतर बाबांनी काकांचं नाव काढलेलं नाही. चहाच्या वेळी मोबाइलकडेही बघत नाहीत. आजारपणात माणूस स्वतःपुरता होतो म्हणतात, ते खरं असावं. मला सुटल्यासारखं वाटतं आणि थोडा रागही येतो. भाऊ फोन करत नाही तर विचारावंसं वाटू नये?

दुसरं एक मोठं संकट आपोआप टळलं. काका गेले म्हणजे आम्हालाही सुतक आलं. दहा दिवस देवाला हात लावायचा नाही, दिवा नाही, फोडणी नाही. पण दिवा लागला नाही तर बाबांना कळणार, आणि लावला तर आईचा जीव तिला खाणार. दोन दिवस तिने तब्येतीचं निमित्त काढून पूजा टाळली. तिसऱ्या दिवशी ती देवघरासमोर काडीपेटी घेऊन नुसती उभी होती. तेवढ्यात बाबा पलंगावरून म्हणाले, "माणिक, राहू दे ते. अगरबत्तीच्या धुरानं मले खोकला येते. पंधरा दिवस देवाले तसंच राहू दे. तो काही रुसत नाही."

आईने काडीपेटी ठेवली आणि आत गेली. मला तर देवच पावला. नेमकं हवं तेच त्यांच्या तोंडून यावं! फोडणीचंही तसंच झालं. ते म्हणाले, तोंडाला चव नाही, साधं वरणभात करत जा सगळ्यांसाठीच. दाढीला गल्लीतला न्हावी आला होता, त्याला परत पाठवलं.

दुकानात सध्या आमच्याकडे हार ओवणारी मैनाबाई बसते, कारण सुतकात देवाची फुलं आमच्या हातून जायला नकोत असं आईचं म्हणणं. वर्षाली दिवसभर घरी का, याचं काहीतरी उत्तर मी तयार ठेवलं होतं. बाबांनी विचारलंच नाही.

२६ नोव्हेंबर

उद्या दशक्रिया. पुन्हा परीक्षेचं काम सांगितलं. बाबांनी दुपारी वर्षालीला बोलावलं आणि दुकानातून पांढरी शेवंती आणायला लावली. हात चालू राहायला पाहिजे म्हणे. डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केली आहे, हार ओवायला नाही, म्हणून आम्ही अडवलं नाही.

पलंगावर फडकं पसरून बसले. दुकानात चहा पिता पिता दोन हार होतात त्यांचे. आज एकाच हाराला सगळी दुपार लागली. फूल घ्यायचं, बघायचं, बाजूला ठेवायचं, दुसरं घ्यायचं. आई दोरा ओढायला पुढे झाली तर, "मले करू दे," म्हणाले. असा भरगच्च, दुहेरी गाठीचा हार मी त्यांच्या हातचा बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

झाल्यावर मला म्हणाले, "उद्या घेऊन जाजो अकोल्याले."

"परीक्षेला हार कशाला, बाबा?"

"सेंटरवर एखादा फोटो असनच ना. फोटो तं असतेच कोठी ना कोठी."

मी नको नको म्हणत होतो. मग लक्षात आलं की काकांच्या फोटोसाठी उद्या हार लागणारच आहे, आणि बाबांना कळू न देता त्यांच्या हातचाच हार काकांना घालता येईल. मग घेतला. बाबांनी तो स्वतः ओल्या फडक्यात गुंडाळून दिला. वर्षाली दारात उभी राहून सगळं बघत होती. तिला म्हटलं, बघ कसा योग जुळून आला. ती आत गेली.

२७ नोव्हेंबर

मोर्णा नदीच्या काठी विधी झाला. गोपालने मुंडण केलं. पुतण्या म्हणून मीही करायला हवं होतं, पण मुंडण करून घरी गेलो असतो तर ब्राउझर बदलून काय उपयोग झाला असता? भावकीतले दोघंतिघं माझ्या केसांकडे बघून कुजबुजले. उत्तमराव मरेपर्यंत याले आपला मुलगा म्हणत होते, असं एक जण मला ऐकू येईल इतक्या हळू बोलला.

घरी येऊन फोटोला हार घातला. पार्बताकाकू कोपऱ्यात बसल्या होत्या. हार बघितल्यावर उठून आल्या, गाठ बोटांनी चाचपली.

"हा तं तुह्या बाबाच्या हातचा हाय."

"हो काकू. सहज केला होता त्यांनी. त्यांना काही माहीत नाही."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मग पदर तोंडाला लावून खाली बसल्या, आणि दहा दिवसांत रडल्या नसतील तेवढ्या रडल्या. बायका जमा झाल्या. मला वाटलं मी हार आणायलाच नको होता.

संध्याकाळी घरी पोचलो तर बाबा बैठकीत बसलेले. डोकं तुळतुळीत.

"हे काय केलं?"

"औषधानं केस गळून राहिले होते. न्हाव्याले बोलावलं. एकदाचं काढून टाकलं सारं."

आई त्यांच्या मागे उभी होती, तिचा हात त्यांच्या डोक्यावर होता. आईने माझ्यासमोर बाबांना असा हात लावलेला मी कधी पाहिलेला नाही. मी सरळ कॉम्प्युटरकडे गेलो. कोणती पानं उघडली, कधी उघडली, सगळं तपासलं. वीस तारखेनंतर अकोल्याचं पान उघडलेलंच नाही. रकाना बंदच आहे. कुठूनही काही कळायला वाव नाही. मग डॉक्टरांना फोन करून विचारलं की या गोळ्यांनी केस गळतात का. ते म्हणाले, एखाद्याचे गळू शकतात. जीव भांड्यात पडला.

वर्षाली म्हणाली, "तुमी कॉम्प्युटर काय तपासून राहिले? मानसाकडं पाहा ना."

"काय बघू?"

"काही नाही."

मी तिच्यावर चिडलो. घरात या सगळ्याचा भार एकटा मी उचलतो आहे आणि वर टोमणे. ती मोर्शीची आहे, एक वाक्य बोलून गप्प बसायची त्यांची पद्धतच आहे.

३० नोव्हेंबर

आज तेरवी. जेवणं झाल्यावर घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाने मुलाच्या डोक्याला दुपट्टा बांधायचा असतो, की बाबा रे, आता हे घर तुझ्याकडे. आमच्यात सगळ्यात मोठे बाबा. काकूंच्या माहेरचे एक लांबचे गृहस्थ पुढे झाले आणि बांधला. दुपट्टा सैल झाला, गोपालच्या डोळ्यांवर आला. त्याने तो तसाच राहू दिला.

मला गाडीत बसवायला आला तेव्हा म्हणाला, "दादा, मोठ्या बाबाचा हात लागला असता तं बरं वाटलं असतं. तुह्यं चुकलं म्हणत नाही मी."

मी म्हटलं, त्यांचा जीव महत्त्वाचा. गोपाल हो म्हणाला. मूर्तिजापूर येईपर्यंत मी हेच मनात म्हणत होतो, की त्यांचा जीव महत्त्वाचा. दुपट्टा एकदाच बांधतात.

७ डिसेंबर

बाबा आता फाटकापर्यंत चालतात. वजन उतरलं आहे. कॉम्प्युटरसमोर बसतात पण चालू करत नाहीत. विचारलं तर म्हणाले, डोळे थकतात. म्हटलं, पुन्हा जुना ब्राउझर टाकून देऊ का? म्हणाले, "राहू दे. तुवं मेहनत केली."

देवाचा दिवा पुन्हा लागतो. धुराचा त्रास कमी झाला असावा. आई आजकाल माझ्याशी तुटक बोलते. आज भाजी निवडता निवडता म्हणाली, "त्यायले माहीत हाय, जीवन."

"कोणी सांगितलं? तू?"

"मी नाही. कोणीच नाही."

"मग शक्यच नाही. मी स्वतः सगळं बंद केलंय." मी तिला सगळं समजावून सांगितलं, रकाना, खूण, अमरावतीचा भाग का ठेवला ते. ती ऐकत होती. मग म्हणाली, "अमरावतीत रोज मानसं मरून राहिले, अन् अकोल्यात एकबी नाही. चाळीस वर्षं हेच वाचलं त्या मानसानं."

मी उठून बाहेर आलो. तिला कॉम्प्युटरमधलं काही समजत नाही. पण मग मीच रात्रीचं जेवण का जेवलो नाही? माहीत असतं तर ते बोलले नसते का? रडले नसते? सख्खा भाऊ जातो आणि माणूस वरणभात खाऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहतो, असं कोण करेल आणि का?

१५ डिसेंबर

तपासणी झाली. डॉक्टर खूश आहेत. छातीचं हाड जुळलं, हृदय छान चालतंय. बाबांना बाहेर बसवून मला म्हणाले, आता सांगायला हरकत नाही, बेताबेताने सांगा, जवळ बसून सांगा. गोळी लिहून दिली आहे, आधी द्यायची.

१६ डिसेंबर

दुपारी चहा झाल्यावर सांगायचं ठरवलं. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. काकांना जरा बरं नव्हतं, अशी सुरुवात करायची, मग दवाखाना आणायचा, मग हळूहळू पुढे. आईला शेजारी बसायला सांगितलं होतं, ती स्वयंपाकघराच्या दारातून पुढे आलीच नाही. मी गोळी आणि पाणी दिलं. बाबांनी गोळी बघितली.

"ही कायची?"

"साधीच आहे. डॉक्टरांनी दिली काल." मी खुर्ची पलंगाजवळ ओढली. "बाबा, उत्तमकाका आहेत ना..."

त्यांनी हात वर केला. मी थांबलो.

"डॉक्टर काय म्हणला काल?"

"सगळं चांगलं आहे म्हणाले."

"छाती जुळली?"

"जुळली."

"काही भेव नाही ना आता?"

"नाही बाबा."

त्यांनी गोळी उशीजवळ ठेवली. माझ्याकडे बघून, दुकानात एखाद्या गिऱ्हाइकाला विचारावं तितक्या साध्या आवाजात म्हणाले, "मंग आता रडलो तं चालन?"

मी मान हलवली. वीस तारखेपासून ते थांबले होते. आम्ही त्यांना जपतो आहोत असं आम्हाला वाटत राहावं म्हणून थांबले होते, आणि मी त्यांना स्वतःपुरते झालेले समजत होतो.

मग ते रडले. आई येऊन त्यांच्या पाठीशी बसली. मी तिथेच खुर्चीत बसून होतो. बाबा काकांचं नाव घेत नव्हते. "बारक्या," म्हणत होते, "बारक्या रे," एवढंच पुन्हा पुन्हा. काकांना लहानपणी घरात बारक्या म्हणत, हे आईने मला नंतर सांगितलं. मी हे नाव याआधी कधी ऐकलेलं नव्हतं.